जुन्या शर्टांपासून सलग कापड: आधी उभा धागा ओळखा

‘तुकडे कसेही जोडा, शेवटी कापडच होतं’ हा सल्ला पिशवीपुरता ठीक. अंगावर घालायचा कपडा शिवणार असाल तर विसरा.

सुती शर्ट गरम पाण्यात धुऊन उसवा, इस्त्री करा. कॉलर, कोपर, काख उजेडासमोर धरा. विरलेला भाग काढून टाका. होजिअरी (टी-शर्टसारखं ताणणारं विणलेलं कापड) यात मिसळू नका. जाडीही सारखी हवी: मलमलीला डेनिम जोडलं तर मलमल शिवणीलगत फाटते.

खरी मेख उभ्या धाग्यात, म्हणजे कापडाच्या लांबीत जाणाऱ्या धाग्यात आहे. नव्या कापडात तो किनारीला समांतर असतो. उसवलेल्या शर्टाला किनार कुठली? पुढच्या भागात तो बटणपट्टीला समांतर जातो, बाहीत खांद्याकडून मनगटाकडे. खांद्यावरच्या जोडपट्टीत मात्र बहुधा एका खांद्याकडून दुसऱ्याकडे, आणि फसगत होते ती इथेच. शंका असेल तर ओढून बघा. उभं ओढलं तर कापड जवळपास हलत नाही, आडवं किंचित ताणतं, उरेब, म्हणजे तिरकं, ओढलं की चांगलंच लांबतं. तरी कळेना, तर कडेचा एक धागा सुईने उचलून हळूच खेचा. चुण्यांची जी रेघ उमटेल, तिच्यावरच कापा. छापील चौकड्यांवर विसंबू नका, त्या धाग्याला धरून असतातच असं नाही. उलट बाजू फिकट दिसली तर चौकडा बहुतेक छापीलच.

दिशा कळली की लगेच उलट बाजूला खडूने बाण काढा, प्रत्येक तुकड्यावर. ‘लक्षात राहील’ म्हणाल, पण चौकोन कापून झाला की उभं-आडवं सारखंच दिसतं.

उरेब तुकडा सरळ तुकड्याला जोडला की मशीनखाली लांबतो आणि शिवणीला लाटा येतात. इस्त्रीने त्या बसल्यासारख्या वाटतात, धुतल्यावर पुन्हा उठतात. मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवायचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं आणि त्याची पडण जाते.

तुकडे फार लहान नकोत. चहूबाजूंनी 1 सेंमी माया (शिवणीत जाणारी कड) धरली तर 12 सेंमीच्या चौकोनाचे 10 सेंमी उरतात, म्हणजे सुमारे 30 टक्के कापड शिवणीत जातं. 20 सेंमीचा चौकोन घेतला तर 19 टक्के.

मशीनची सुई 80/12 नंबरची, टाका 2 मिमी. आधी पट्ट्या करा, मग पट्ट्या एकमेकींना जोडा. दर शिवणीनंतर इस्त्री.

तयार कापड कापायची घाई नको. वरच्या कडेला चिमटे लावून रात्रभर टांगा. खालची कड जिथे उतरली असेल, तिथल्या पट्टीत उरेब तुकडा शिरलाय. तो उसवून बदला, मगच पॅटर्न मांडा.