संदिग्ध वाक्यांच्या मागे लागायचं असेल तर

'सीमाने राहुलला मारणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढलं.'

एका दमात वाचलंत तर 'मारणाऱ्या'पाशी किंचित अडखळायला होतं. 'सीमाने राहुलला' इथवर येईपर्यंत मनाने परस्पर ठरवून टाकलेलं असतं की सीमाने राहुलचं काहीतरी केलं. बोलावलं असेल, दटावलं असेल, नाहीतर बदडलं असेल. क्रियापद अजून आलेलं नसतं, पण मन त्याच्यासाठी थांबत नाही. मग 'मारणाऱ्या' येतं आणि राहुलला तिथून उचलून दुसऱ्याच उपवाक्यात बसवावं लागतं. ही उलथापालथ क्षणार्धात होते आणि ती मोजता येते. मन भाषा कशी समजून घेतं याचा अभ्यास म्हणजे मनोभाषाविज्ञान, आणि त्यातला हाच भाग मी शिकले. भाषाविज्ञान किंवा मानसशास्त्र करणारी मुलं 'यात यायचंय, काय करू?' असं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

अभ्यासक्रमात सुरुवात हमखास टॉमस बेव्हर यांच्या १९७० सालच्या वाक्याने होते: 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल', म्हणजे 'कोठारापलीकडे पळवलेला घोडा पडला'. वाचणारा 'रेस्ड'लाच मुख्य क्रियापद धरून बसतो आणि 'फेल'पाशी अडतो. मग येतात लिन फ्रेझियर. मन आधी सोप्यात सोपी रचना धरतं आणि अर्थाचा विचार मागून करतं, असं त्यांचं म्हणणं. १९८२ साली त्यांनी आणि कीथ रेनर यांनी वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून त्याला पुरावा दिला. पुढे १९९५ साली मायकेल टॅनेनहाउस आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर खऱ्या वस्तू मांडल्या आणि 'टॉवेलवरचं सफरचंद डब्यात ठेवा' अशा अर्थाची इंग्रजी सूचना दिली. इंग्रजीत ती 'पुट द अ‍ॅपल ऑन द टॉवेल' अशी सुरू होते, त्यामुळे तिथवर ऐकून 'सफरचंद टॉवेलवर ठेवा' असंच वाटतं. समोर एकच सफरचंद असलं की ऐकणाऱ्याची नजर चुकून रिकाम्या टॉवेलकडे जायची. दोन सफरचंदं असली, की 'कुठलं?' हा प्रश्न आधीच पडलेला असल्यामुळे ती तशी भरकटत नसे. म्हणजे आजूबाजूचा संदर्भ मन लगेच हाताशी घेतं, मागाहून नाही. हे वाद वाचायलाच हवेत. पण दोन वर्षं नुसती त्यातच घालवू नका. त्यातला बराचसा पुरावा इंग्रजीचा आहे आणि इंग्रजीत क्रियापद लवकर हाती लागतं. आपल्याकडे ते बहुधा शेवटी येतं, आणि तोवर मन ने, ला, चा अशा प्रत्ययांवरच अंदाज बांधत जातं. शिवाय मराठीवर या अंगाने झालेलं काम फार थोडं आहे. माझ्या मते नवख्या माणसासाठी ही चांगली गोष्ट आहे.

एक उदाहरण घ्या. १९८८ साली क्वेतोस आणि मिचेल यांनी दाखवलं की 'अभिनेत्रीचा नोकर, जो/जी बाल्कनीत होता/होती' अशा रचनेत इंग्रजी वाचक बाल्कनीत अभिनेत्रीला उभं करतात, तर स्पॅनिश वाचक नोकराला. आता मराठीत या. 'पुण्याला राहणारा शेजारणीचा भाऊ आला' म्हटलं की भाऊ पुण्याचा. 'पुण्याला राहणाऱ्या शेजारणीचा भाऊ आला' म्हटलं की शेजारीण पुण्याची. शंकेला जागाच नाही. पण 'पुण्याला राहणाऱ्या शेजारणीच्या भावाला फोन केला' म्हणा. भावाला 'ला' लागला, सामान्यरूप झालं, 'राहणारा' आणि 'राहणारी' दोघांचंही 'राहणाऱ्या' झालं, आणि पुण्यात नेमकं कोण राहतं ते कळेनासं झालं. एका प्रत्ययाने संदिग्धता चालू-बंद करता येते. ही सोय इंग्रजीवाल्यांना नाही.

या क्षेत्रातलं खरं काम वाक्यं घडवण्याचं आहे, आणि ते कुठल्याही पुस्तकात नीट शिकवलेलं नसतं. वरच्या सीमा-राहुलला तुलनेसाठी बिनसापळ्याचा, म्हणजे मनाला चुकीच्या वाटेने न नेणारा, जोडीदार हवा. पहिला विचार असा येतो: 'राहुलला मारणाऱ्या मुलाला सीमाने वर्गाबाहेर काढलं.' शब्द तेच, पण 'मारणाऱ्या' तिसऱ्यावरून दुसऱ्या जागी आलं, आणि वाक्यात पुढे जाऊ तसा वाचनाचा वेग बदलतो, म्हणून तुलना फसते. बरं, सुरुवातीला 'काल' घालून जागा जुळवली, तर 'काल राहुलला' एवढ्यावरूनही मन मुख्य क्रियापदाची वाट बघू लागतं. सापळा सैल झाला, गेला नाही. 'ज्या मुलाने राहुलला मारलं त्याला...' असं केलं तर 'ज्या' आधीच सावध करतो, पण मग मोजायचा शब्दच बदलला. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं. साधारण दोन डझन वाक्यसंच, प्रत्येकाची दोन-चार रूपं, एका वाचकाला एका संचाचं एकच रूप, आणि हेतू कळू नये म्हणून मध्ये दुप्पट-तिप्पट भरतीची वाक्यं. यात महिने जातात. कंटाळा येणार असेल तर इथेच येतो.

मोजणी त्या मानाने सोपी आहे. स्पेसबार दाबला की एक शब्द दिसतो, पुन्हा दाबला की तो जाऊन पुढचा येतो, आणि प्रत्येक शब्दावर किती मिलिसेकंद गेले ते नोंदलं जातं. यासाठी पीसीआयबेक्स किंवा सायकोपाय हे संगणकप्रोग्राम फुकट मिळतात. एक लक्षात ठेवा: अडखळणं पुष्कळदा त्या शब्दावर न दिसता पुढच्या शब्दावर दिसतं, म्हणजे इथे 'मुलाला'वर. त्यामुळे पुढचा शब्दही सगळ्या रूपांत सारखाच हवा. शब्द लांब असला की वेळही जास्त लागतो, म्हणून देवनागरीत अक्षरं मोजायची कशी, 'ऱ्या' एक की दोन, हे आधी ठरवून घ्या आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

वाचणारे मिळवणं हा वेगळाच ताप. कॉलेजची मुलं हौसेने येतात, पण त्यातल्या कितीतरी जणांनी दहावीनंतर सलग मराठी वाचलेलं नसतं, म्हणून शाळेचं माध्यम विचाराच. प्रत्येक वाक्यानंतर एक प्रश्न ठेवा, नाहीतर लोक नुसता स्पेसबार बडवतात. 'राहुलला कोणी मारलं?' असं विचारलं की काही जण बिनधास्त 'सीमाने' म्हणतात. वाक्य शेवटपर्यंत वाचलेलं असतं, तरी पहिला समज पुसलेला नसतो. इंग्रजीत क्रिस्टिअन्सन आणि फरेरा वगैरेंनी २००१ साली नेमकं हेच दाखवलं होतं. एका मुलीने मला बाहेर येऊन सांगितलं, 'ताई, तुमची काही वाक्यं टाइप करताना चुकलीयत.' एकही चुकलेलं नव्हतं. तिने बोट ठेवलं ती सगळी सापळ्याची होती.

शिकायचं कुठे? पुण्यात डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचा पाया पक्का होतो. प्रयोगांकडे वळायचं तर आयआयटी गांधीनगर, हैदराबाद विद्यापीठ आणि अलाहाबादचं आकलनविज्ञान केंद्र बघा. हिंदी वाक्यांच्या आकलनावर आयआयटी दिल्लीत समर हुसैन आणि जर्मनीत पॉट्सडॅमला श्रवण वसिष्ठ यांनी केलेलं काम मराठीवाल्याने आधी वाचावं, कारण ने-प्रत्यय आणि शेवटचं क्रियापद तिथेही आहे. संख्याशास्त्र आणि त्यासाठी वापरली जाणारी 'आर' ही संगणकभाषा टाळता येणार नाही. कलाशाखेतून आलात तर पहिल्या सत्रापासूनच त्यात हात घाला. नोकऱ्यांचं म्हणाल तर शुद्ध संशोधनात जागा थोड्या आहेत. भाषातंत्रज्ञान आणि वाचादोषांचं क्षेत्र या दोन्हीकडे मात्र हे कौशल्य चालतं.

मार्गदर्शकाला पहिली मेल लिहाल तेव्हा 'मला भाषेची लहानपणापासून आवड आहे' हा परिच्छेद गाळा. त्याऐवजी तुम्ही घडवलेल्या वाक्यांच्या तीन जोड्या पाठवा, आणि प्रत्येकीत वाचक कुठल्या शब्दावर थबकेल नि का, ते दोन ओळींत लिहा.