अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर माणूस घरी आणताय? आधी पलंगाखाली विटा

पुढच्या गुरुवारी मामाला मिरजेहून निपाणीला घरी सोडतायत. अन्ननलिकेचा कॅन्सर, आधी पाच आठवडे केमो-रेडिएशन, मग मोठं ऑपरेशन. मामेबहिणीने फोन करून विचारलं, "ताई, अप्पांच्या वेळी तुम्ही काय काय तयारी केली होती?" आमच्या अप्पांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. तयारी भरपूर केली होती गं. खोलीला चुना मारला, नवी चादर आणली, दाराला तोरणसुद्धा लावलं. जे करायचं होतं ते मात्र राहिलं. म्हणून हे लिहून ठेवतेय. तिच्यासाठी, आणि असा माणूस ज्यांच्या घरी येणार आहे त्या सगळ्यांसाठी.

थर्मामीटर, औषधांचा डबा, गॉज, चिकटपट्टी हे सगळ्यांना सुचतं, त्यावर वेळ घालवत नाही. तंबाखूची चंची घरातून बाहेर, पाहुण्यांचीसुद्धा. निपाणीच्या माणसाला हे सांगावं लागतंच.

आता मुख्य. पलंगाची उशाकडची बाजू उचलायची. माणूस घरी पोचायच्या आधी. आल्यावर बघू म्हणायचं नाही, आम्ही तेच म्हणालो होतो.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे आळस होणार नाही. या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा बराचसा भाग काढतात आणि जठराची लांब नळी करून वर, छातीत किंवा मानेपर्यंत ओढून उरलेल्या टोकाला जोडतात. खाल्लेलं उलटं वर येऊ नये म्हणून खालच्या टोकाला जी झडप असते, ती काढलेल्या भागाबरोबर जाते. मग माणूस सपाट आडवा झाला की आंबट पाणी, पित्त घशापर्यंत यायला अडसरच राहत नाही. झोपेत ते श्वासनलिकेत उतरतं, आणि तिथून न्यूमोनिया. हे चार-सहा महिन्यांचं पथ्य नाही, कायमचं आहे.

हॉस्पिटलातली कॉट कायम अर्धी उचललेली असायची. आम्हाला वाटलं, अप्पांना बसून बोलता यावं म्हणून आहे. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती, मी ती वाचली नाही. बेळगावला पोचलो, अप्पा स्वतःच्या सागवानी पलंगावर आडवे झाले आणि "आता बरं वाटतंय" म्हणाले. रात्री अडीचला खोकल्याने जाग आली. दिवा लावला तर उशीवर हिरवट-पिवळा डाग, अप्पांचा एक हात भिंतीला टेकलेला, डोळे पांढरे, आणि श्वास घेता येईना. तिसऱ्या दिवशी ताप. परत ॲडमिट, अकरा दिवस.

तर विटा. उशाकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन, आडव्या रचून, म्हणजे साधारण सहा इंच. पाय घसरू नयेत म्हणून मध्ये जुनं पोतं. वर पाठीला फोमची तिरकी पाचर, गादीवाला कापून देतो. पाठ साधारण तीस अंश उठलेली हवी. गुडघ्याखाली एक लोड, नाहीतर पहाटेपर्यंत माणूस घसरून पायथ्याशी येतो. चार उशा रचून भागवायचं नाही. त्याने मान वाकते, पोट दुमडतं आणि दुमडलेलं पोट उलट जास्त वर ढकलतं. अप्पा कुरकुरायचे, "मी काय लहान पोर हाय काय, घसरतंय की खाली." कुरकुरू दे. दुपारच्या डुलकीलाही तेच. आरामखुर्चीत झोपला तर चालेल, चटईवर नाही. दुसऱ्या गावी मुक्कामाला गेला तर पाचर गाडीत घालून न्यायची.

आता खाणं. तीन जेवणं विसरायची. दिवसातून सहा ते आठ वेळा, वाटीभर. जठर आता नळीएवढं राहिलंय, त्यात ताटभर मावत नाही. मऊ भात तूप घालून, नाचणीची आंबील, मऊ शिजवलेलं अंडं, पिठलं पातळ. कडक भाकरी, सुकं खोबरं, चिवट मटण नंतर बघू. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने. खाल्ल्यावर तासभर ताठ बसायचं, आणि झोपायच्या आधी दोन-तीन तास काही नाही. ते शेवटचं का, हे आता परत सांगायला नको. (तरी सांगते: झडप नाही.)

गोड सांभाळून. भेटायला आलेल्या एका पाहुण्याने कुंदा आणला. बेळगावात दुसरं काय आणणार? अप्पांनी हौसेने दोन चमचे खाल्ले. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ, मग संडास. आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. याला डम्पिंग म्हणतात: साखर एकदम आतड्यात उतरते आणि शरीर गोंधळतं. कधी दोन-तीन तासांनीही होतं, तेव्हा रक्तातली साखर खाली येऊन हातपाय थरथरतात. माणसाला मधुमेह नसला तरी होतं. म्हणून चहात साखर कमी, उसाचा रस बंद, आणि पाहुण्यांना दारातच सांगायचं: कुंदा आम्ही खाऊ.

पाहुण्यांचा दुसरा त्रास म्हणजे "अजून एक घास." तो अजून एक घास रात्री वर येतो. अप्पांनी लग्नाच्या पंगतीत बसणंच सोडलं होतं. आम्ही समजलो, अशक्तपणा. या आजाराच्या रुग्णांसाठी ओईएस-१८ नावाची अठरा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात चक्क एक प्रश्न आहे, लोकांसमोर खाताना अडचण वाटते का. गिळता येतं का, आंबट वर येतं का, तोंड कोरडं पडतं का, चव बदलली का, खोकला, बोलणं, हेही आहे. मला ती उशिरा बघायला मिळाली. आधी मिळाली असती तर "कसं वाटतंय?" असं विचारून "बरं हाय" ऐकत बसले नसते. एकेक गोष्ट नाव घेऊन विचारायची. आजारी माणूस स्वतःहून सांगत नाही, आमच्या घरातले तर नाहीच नाही.

याच स्वभावामुळे दुसरी चूक झाली. दोन महिन्यांनी अप्पांना भात अडकायला लागला आणि त्यांनी पंधरा दिवस लपवलं. त्यांना वाटलं कॅन्सर परत आला. तसं नव्हतं. जोडाच्या जागी वण आवळून वाट अरुंद होते, हे बऱ्याच जणांना होतं. दुर्बीण घालून ती रुंद करतात, कधी दोन-तीनदा करावी लागते. अडकायला लागलं की त्याच आठवड्यात दाखवायचं.

पोटाला नळी लावून पाठवलं असेल तर: पन्नास मिलीच्या दोन सिरिंज, उकळून कोमट केलेलं पाणी, आहार देण्याआधी आणि नंतर त्या पाण्याने नळी धुवायची. किती मिली ते वॉर्डातल्या सिस्टरकडून लिहून घ्या. गोळ्या कुटून घालू नका, नळी तुंबते. पातळ औषध मिळतं का विचारा. नळी निसटली तर सकाळची वाट बघायची नाही, छिद्र काही तासांत आक्रसतं. आणि नळीतून देतानाही माणूस आडवा नको. विटा.

कागद. डिस्चार्ज समरी इंग्रजीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, मामाला वाचता येतं मराठी. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा, आणि डॉक्टरांच्या सूचना मराठीत उतरवून कपाटाच्या दाराला चिकटवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घ्यायचं ठरवलं, पण कुठला दाखला चालतो हे मिरजेतच खिडकीवर आधी विचारून घ्या. कर्नाटकचं आयुष्मान कार्डही बरोबर ठेवा. आम्ही दोन्हीकडे हेलपाटे घातलेत.

बाकी भरभर. वजनकाटा हवा, आठवड्यातून एकदाच, वहीत लिहा. पहिल्या महिन्यांत वजन उतरतंच, रोज बघून घाबरायचं नाही. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं फुंकणीयंत्र (श्वास आत ओढायचा असतो, फुंकायचा नाही). अंगणात रोज फेऱ्या. आवाज बसलाय आणि पाणी पितानाही ठसका लागतोय तर डॉक्टरांना सांगा. बी-१२ आणि लोह तपासणार का, हे पुढच्या भेटीत विचारा. ताप, दम, खोकला: वाट बघू नका.

हे लिहीपर्यंत मामेबहिणीचा परत फोन. मामाचा पलंग बॉक्सवाला आहे, पायच नाहीत. मग विटा कुठे लावू? सुताराला उद्याच बोलव, गादीखाली तिरकी फळी ठोकून घे, उशाकडे फूटभर उंच. बुधवारी तू स्वतः त्यावर झोपून बघ. आणि मला फोटो पाठव, तोपर्यंत तोरण लावू नकोस.