बेडकाच्या अंडपेशीत मानवी क जीवनसत्त्व वाहक: या चुका टाळा

एसव्हीसीटी१ हे माणसाच्या आतड्यात आणि मूत्रपिंडात क जीवनसत्त्व पेशीत ओढून घेणारं प्रथिन. झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत ते बनवायचं तर त्याची कृती सांगणारा आरएनए टोचायचा, दोन-तीन दिवस थांबायचं आणि किरणोत्सारी कार्बन असलेलं जीवनसत्त्व किती आत गेलं ते मोजायचं. आकडे विचित्र आले की सगळा संशय प्रथिनावर जातो. मी म्हणेन, आधी जीवनसत्त्वाचं द्रावण तपासा.

साध्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ते उघडं राहिलं की हवेतल्या ऑक्सिजनने त्याचं डीहायड्रोॲस्कॉर्बेट होतं. तांब्या-लोखंडाचा अंश असला तर आणखी भरभर. हे रूप एसव्हीसीटी१मधून जात नाही, ते ग्लुकोजच्या वाहकांतून आत शिरतं. म्हणून द्रावण आयत्या वेळी करा, त्यात डीटीटीसारखा क्षपणक, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन, घाला. शिवाय सोडियमच्या जागी कोलीन (तसाच धनभारित, पण सोडियमचं काम न करणारा आयन) घेऊन तोच प्रयोग लावा. एसव्हीसीटी१ला सोडियम लागतंच. कोलीनमध्येही आकडा तेवढाच आला, तर मोजलंत ते तुमच्या प्रथिनाचं काम नव्हे. सोबत त्याच मादीच्या, नुसतं पाणी टोचलेल्या अंडपेशी हव्यातच. अंडपेशींचा दर्जा मादीगणिक बदलतो, त्यामुळे कालच्या मादीचं नियंत्रण, म्हणजे तुलनेचा नमुना, आज चालत नाही.

आरएनए जेलवर (लांबीनुसार तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर) न बघता टोचणं ही दुसरी मोठी चूक. ठसठशीत पट्टीऐवजी खाली ओघळलेला पट्टा दिसला, तर आरएनए तुटलेला आहे, फेकून द्या. पट्टी चांगली असूनही प्रथिन बनत नसेल, तर आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाला कॅप (संरक्षक टोपी) लावली होती का आणि शेवटी पॉली-ए शेपूट (‘ए’ घटकांची माळ) आहे का ते बघा. झेनोपसच्याच बीटा-ग्लोबिनचे टोकाचे भाग असलेला वेक्टर (आरएनए ज्यावरून बनवतात तो वाहक डीएनए) वापरला तर उत्पादन चांगलं वाढतं.

टोचायचं फिकट अर्ध्या भागात, साधारण ५० नॅनोलिटर. काळ्या भागात केंद्रक असतं, सुई त्यात गेली तर आरएनए वाया जातो, कारण प्रथिन बनतं ते पेशीद्रवात.

अंडपेशी सुट्या करणारं कोलॅजिनेज हे विकर जास्त वेळ ठेवलं तर अंडपेशी मऊ पडून फुटतात, कमी ठेवलं तर भोवतीच्या फॉलिकल पेशी चिकटून राहतात. वेळ नव्या लॉटबरोबर नव्याने ठरवा.

अंडपेशी १६ ते १८ अंशांवरच ठेवा. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात टेबलावर राहिल्या तर संपल्याच. बफर रोज बदला, डागाळलेल्या अंडपेशी लगेच काढा. एक सडली की शेजारच्याही जातात.