एमक्यू क्लस्टरला हात लावायच्या आधी चॅनेलची माहिती काढून ठेवायची तयारी

शेवटपर्यंत कोणी वाचत नाही म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आयबीएम एमक्यू (ॲप्लिकेशन्समध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर), त्याच्या क्लस्टरवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या क्यू मॅनेजरांच्या (मेसेजच्या रांगा सांभाळणारे प्रोग्रॅम) गटावर पॅचिंग असो, सर्व्हर बदलायचा असो, पोर्ट नाहीतर सर्टिफिकेट बदलायचं असो, त्याआधी डिस्प्ले क्लसक्यूएमजीआर (क्लस्टरमधले क्यू मॅनेजर आणि त्यांची चॅनेल, म्हणजे जोडण्या, दाखवणारी कमांड) चालवून तिचं आउटपुट फाइलमध्ये काढून ठेवायचं आणि ते फुल रिपॉझिटरीवरून, म्हणजे क्लस्टरची पूर्ण माहिती ठेवणाऱ्या क्यू मॅनेजरवरून काढायचं. दोन्ही फुल रिपॉझिटरींवरून. आपण लॉगिन करून बसलोय त्या क्यू मॅनेजरवरून नाही, ॲप्लिकेशनवाले ज्याच्या नावाने बोंबलतायत त्याच्यावरून नाही. फुल रिपॉझिटरी, दोन्ही. बाकी यादीतलं काही राहिलं तर निभावता येतं, हे राहिलं तर नाही.

ॲक्सेस वगैरे सांगत बसत नाही. एमक्यूएम ग्रुपमध्ये (एमक्यूचे ॲडमिन) असाल किंवा सुडो असेल तर झालं, फक्त तो दोन्ही फुल रिपॉझिटरीच्या सर्व्हरवर आहे ना ते दिवसाउजेडी लॉगिन करून बघा, कारण फुल रिपॉझिटरी बऱ्याचदा दुसऱ्या टीमच्या सर्व्हरवर असतात आणि रात्री ॲक्सेस देणारा माणूस झोपलेला असतो. एकाच सर्व्हरवर एमक्यूची दोन इन्स्टॉलेशन्स असतील (७.१ पासून ठेवता येतात) तर आधी सेटएमक्यूएन्व्ह (कुठलं इन्स्टॉलेशन वापरायचं ते ठरवणारी कमांड) चालवा, नाहीतर रनएमक्यूएससी (एमक्यूच्या कमांड चालवायचं टूल) म्हणणार की हा क्यू मॅनेजर दुसऱ्या इन्स्टॉलेशनचा आहे, आणि तुम्ही उगाच परमिशन शोधत बसणार. डीएसपीएमक्यूने क्यू मॅनेजर रनिंग आहे हे बघा. मेनफ्रेमवर असाल तर चॅनेल इनिशिएटर चालू हवा, तो बंद असेल तर ही कमांडच चालत नाही.

आता फुल रिपॉझिटरी नक्की कोणत्या, हे शोधायचं. हे एक्सेल शीटमध्ये बघू नका. शीट कोणीतरी पूर्वी केलेली असते, तो माणूस आता दुसऱ्या कंपनीत असतो. क्लस्टरमधल्या कुठल्याही क्यू मॅनेजरवर डिस (डिस्प्लेचंच छोटं रूप) क्लसक्यूएमजीआर कंसात स्टार, आणि पुढे व्हेअर लावून क्यूएमटाइप ईक्यू रिपॉस असं विचारा, म्हणजे तो ज्यांना फुल समजतो त्यांची नावं देईल. मग त्या प्रत्येक नावावर स्वतः जाऊन डिस क्यूएमजीआर रिपॉस रिपॉसएनएल करा. इथे एक खोच आहे. एक क्यू मॅनेजर एकापेक्षा जास्त क्लस्टरसाठी फुल रिपॉझिटरी असेल तर रिपॉस रिकामं असतं आणि नेमलिस्टचं (क्लस्टरच्या नावांची यादी) नाव रिपॉसएनएलमध्ये असतं, त्यामुळे नुसतं रिपॉस बघून 'हा फुल नाहीच' असं ठरवू नका. साधारण दोन असतात, दोनच असाव्यात. तीन-चार निघाल्या तर तो वेगळा विषय आहे, पण आज रात्री तो सोडवायला जाऊ नका, चारही ठिकाणचं आउटपुट घ्या आणि पुढे चला.

पार्शलवरून (फुल रिपॉझिटरी नसलेल्या साध्या क्यू मॅनेजरवरून) का नको, हे एकदा नीट समजून घ्या, कारण कमांड तिथेही मस्त चालते, एरर येत नाही, ओळी धडाधड पडतात आणि सगळं आलं असं वाटतं. पण कंसातल्या स्टारचा अर्थ 'क्लस्टरमधले सगळे' असा नाहीये, 'मला माहीत असलेले सगळे' असा आहे. पार्शल रिपॉझिटरीला फक्त तेच क्यू मॅनेजर माहीत असतात ज्यांच्याशी तिला काम पडलंय. एखाद्या ॲप्लिकेशनने तिकडची क्यू पहिल्यांदा उघडली की ती फुल रिपॉझिटरीला विचारते, उत्तर येतं, मग ती ओळ दिसायला लागते. ज्याच्याशी कधी कामच पडलं नाही तो तिच्या लेखी अस्तित्वातच नाही. गावात घरं किती हे ग्रामपंचायतीत विचारायचं असतं, पानटपरीवाला त्याची रोजची गिऱ्हाइकंच सांगणार. मागच्या वेळी माझं हेच राहिलं. पार्शलवरची फाइल 'बदलाआधी' म्हणून जपून ठेवली, बदलानंतर परत तिथूनच काढली, दोन्ही अगदी सारख्या, सगळे खूश. आणि जो क्यू मॅनेजर क्लस्टरमधून गळला होता तो त्या फाइलमध्ये मुळात नव्हताच, तर फरक दिसणार कुठून! म्हणून परत सांगतो, फुल रिपॉझिटरी.

आणि दोन्ही का, एकच का नाही? कारण पार्शल क्यू मॅनेजर आपली माहिती दोन फुल रिपॉझिटरींना पाठवतो आणि सगळं ठीक असेल तर दोघींकडे तीच यादी असते. ठीक नसेल, म्हणजे त्या दोघींमधलं एकमेकींकडे जाणारं क्लस्टर सेंडर चॅनेल (पाठवणाऱ्या बाजूचं) पडलेलं असेल किंवा कोणी एकाच बाजूने बनवलेलं असेल, तर एकीकडे एखादा सदस्य असतो आणि दुसरीकडे नसतो. हे बदलाच्या आधी कळलं पाहिजे. दोन फाइलींत सदस्य वेगवेगळे दिसले तर बदल थांबवा, आधी ते मिटवा. नाहीतर सकाळी सगळं तुमच्याच बदलाच्या नावावर लागेल, आणि ते आधीपासून होतं हे सिद्ध करायला हातात काही नसेल.

आता कमांड. शेवटी ऑल लिहा. लिहाच. नाहीतर नाव, चॅनेल आणि क्लस्टर एवढंच येतं आणि त्याचा पुढे काही उपयोग नाही. शेलमधून इको करून रनएमक्यूएससीत पाइप करणार असाल तर पूर्ण कमांड कोट्समध्ये टाका, कंस आणि स्टार शेलच्या तावडीत सापडले तर भलतंच होतं. क्यू मॅनेजरच्या नावात लहान लिपीतली अक्षरं असतील तर सिंगल कोट लागतो, कारण कोट नसेल तर रनएमक्यूएससी ते सगळं कॅपिटल करून शोधतो आणि सापडत नाही म्हणतो. फाइलच्या नावात कुठल्या क्यू मॅनेजरवरून काढली ते, तारीख आणि वेळ टाका. 'आउटपुट१' आणि 'आउटपुट१_नवीन' असली नावं ठेवून पहाटे तीन वाजता कुठली आधीची ते ओळखून दाखवा. एमक्यू एक्सप्लोररचा स्क्रीनशॉट चालेल का असं कोणीतरी विचारतंच. नाही चालणार, स्क्रीनशॉटवर डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) मारता येत नाही.

ग्रेप (फाइलमधून हव्या त्या शब्दाच्या ओळी काढणारी कमांड) करताना एक लक्षात ठेवा, क्यू मॅनेजरचं नाव एका ओळीवर आणि स्टेटस खाली कुठेतरी वेगळ्या ओळीवर येतं, त्यामुळे नुसतं स्टेटस ग्रेप केलं की रनिंग रनिंग रिट्राइंग रनिंग अशी माळ मिळते, कोणाची ते कळत नाही. क्लसक्यूएमजीआर आणि स्टेटस हे दोन्ही शब्द एकत्र ग्रेप करा. दोन फुल रिपॉझिटरींच्या फाइलींची तुलना करताना क्लसडेट, क्लसटाइम, स्टेटस, डेफटाइप (चॅनेल कसं बनलं ते) बाजूला काढा. क्लसडेट म्हणजे ती माहिती त्या क्यू मॅनेजरला कधी मिळाली ती तारीख, ती दोन्हीकडे वेगळी असणारच, आणि डेफटाइप तर कोण कोणाकडे बघतंय त्यावर बदलतं. तुलना करायची ती नाव, क्यूएमआयडी (क्यू मॅनेजरचा स्वतंत्र आयडी), चॅनेल, कॉननेम (होस्ट आणि पोर्ट) आणि क्यूएमटाइपची. नुसत्या ओळी मोजू नका. एक क्यू मॅनेजर दोन क्लस्टरमध्ये असला की दोनदा येतो, एकाच क्लस्टरमध्ये दोन रिसीव्हर (मेसेज घेणाऱ्या बाजूची चॅनेल) असले तरी दोनदा.

फाइल काढून बाजूला ठेवायची नाही, तिथेच वाचायची. सगळ्यात आधी सिस्टिम डॉट टेम्पक्यूएमजीआर असं सुरू होणारं नाव शोधा. तसं दिसलं म्हणजे कोणीतरी हाताने क्लस्टर सेंडर बनवलाय पण समोरच्या फुल रिपॉझिटरीशी त्याचं बोलणं अजून झालेलंच नाही, तिचं खरं नाव कळलेलं नाही म्हणून तात्पुरतं नाव लावलंय. पुढे होस्ट आणि पोर्ट लिहिलेलं असतं, बहुतेक वेळा तेच चुकलेलं असतं, किंवा फायरवॉल, किंवा पलीकडे लिसनर (पोर्टवर येणारी जोडणी घेणारा प्रोग्रॅम) बंद. हे मात्र फुल रिपॉझिटरीवर दिसेलच असं नाही, नव्याने जोडलेल्या क्यू मॅनेजरवर जाऊन बघावं लागतं. डेफटाइपही तिथेच बघा. हाताने बनवलेलं चॅनेल नीट जोडलं गेलं की क्लसएसडीआरबी दाखवतं, आपोआप बनलेलं क्लसएसडीआरए, आणि नुसतं क्लसएसडीआर राहिलं असेल तर जोडणी अर्धवट आहे.

मग क्यूएमआयडी. एकच नाव दोनदा, पण क्यूएमआयडी वेगळे, असं दिसलं तर कोणीतरी क्यू मॅनेजर डिलीट करून त्याच नावाने परत बनवलाय, आणि जुन्याला क्लस्टरमधून रीतसर काढलेलं नाही. क्यूएमआयडीमध्ये बनवल्याची तारीख-वेळ असते त्यामुळे जुना कोणता ते लगेच कळतं. असे मेलेले सदस्य आपणहून लवकर जात नाहीत, क्यू मॅनेजरने स्वतःबद्दल पाठवलेली माहिती ३० दिवस धरली जाते, जिवंत क्यू मॅनेजर ती २७ दिवसांनी परत पाठवतो, आणि मुदत संपल्यावरही ६० दिवस ती ठेवून घेतात. म्हणजे सर्व्हर भंगारात गेल्यावरही तीनेक महिने यादीत नाव दिसू शकतं. यादीत आहे म्हणजे जिवंत आहे असं धरू नका.

आता स्टेटस, यात लोक सगळ्यात जास्त फसतात. फुल रिपॉझिटरीवर दिसणारं स्टेटस हे त्या फुल रिपॉझिटरीकडून त्या क्यू मॅनेजरकडे जाणाऱ्या चॅनेलचं आहे. दोन पार्शल आपापसात बोलतायत का हे त्यातून कळत नाही. तिथे सगळं रनिंग आणि इकडे पेमेंटचा क्यू मॅनेजर रिट्राइंगमध्ये अडकलेला, असं होतं. त्यामुळे सदस्य कोण हे फुल रिपॉझिटरीला विचारायचं, दोन्हींना, आणि चॅनेल चालतंय का हे जो पाठवतो त्या क्यू मॅनेजरवर विचारायचं. तिथे परत डिस क्लसक्यूएमजीआर, किंवा डिस सीएचएस (चॅनेल स्टेटस). डिस चॅनेल नको, त्यात फक्त हाताने बनवलेली चॅनेल येतात, आपोआप बनलेली येतच नाहीत, आणि क्लस्टरमध्ये बहुतेक आपोआपच बनलेली असतात. डीएमपीएमक्यूसीएफजीचा (कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उतरवणारी कमांड) बॅकअप घेतलाय म्हणून निश्चिंत असाल तर त्याचंही तेच, तो घ्याच, पण तो याला पर्याय नाही.

इनॲक्टिव्ह बघून घाबरू नका. बराच वेळ मेसेज गेला नाही की चॅनेल आपणहून बंद होतं, डिसकिंट (किती वेळ रिकामं राहिल्यावर बंद व्हायचं ते) डिफॉल्टला ६००० सेकंद असतो, मेसेज आला की परत चालू. स्टॉप्ड वेगळं, ते बहुतेक वेळा कोणीतरी हाताने केलेलं असतं आणि हातानेच स्टार्ट करावं लागतं, आणि ते का केलं ते विचारल्याशिवाय करू नका. रिट्राइंग म्हणजे अडचण आहे. पहिले १० प्रयत्न दर ६० सेकंदांनी होतात, नंतर दर १२०० सेकंदांनी, म्हणजे तुम्ही नेटवर्क दुरुस्त केल्यावरही वीस मिनिटं काहीच हलत नाही असं वाटू शकतं. ही सगळी डिफॉल्टं, तुमच्याकडे बदललेली असतील तर ऑलच्या आउटपुटमध्ये दिसतीलच.

कॉननेम वाचा. तो समोरच्याच्या क्लस्टर रिसीव्हरमधून आलेला असतो, तुमच्याकडच्या हाताने बनवलेल्या सेंडरमधून नाही. त्यामुळे होस्टनेम बदलायचं असेल, सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) बदलायचं असेल तर रिसीव्हरवर बदलायचं. सेंडर बदलून 'फरक का पडत नाही' म्हणून रात्र घालवणारे मी पाहिलेत. एक्सएमआयटीक्यू (मेसेज पाठवले जाईपर्यंत थांबतात ती ट्रान्समिट क्यू) बघून ठेवा, सगळे एकाच सिस्टिम क्लस्टर ट्रान्समिट क्यूवर आहेत की प्रत्येक चॅनेलची वेगळी आहे, मेसेज तुंबले तर कुठे बघायचं ते तिथून कळतं. फुल रिपॉझिटरीवर एएमक्यूआरआरएमएफए प्रोसेस (रिपॉझिटरी सांभाळणारी) चालू आहे का तेही पीएसने बघा, ती मेली असेल तर यादी दिसेल पण पुढे काही अपडेट होणार नाही.

बाकीचं पटापट. ज्याला हात लावणार त्याच्यावर सस्पेंड क्यूएमजीआर (इकडे सध्या मेसेज पाठवू नका असं क्लस्टरला सांगणं), मग फुल रिपॉझिटरीवर (परत दोन्ही) सस्पेंड येस दिसतंय का बघा. सस्पेंड ही विनंती आहे, दुसरा पर्याय नसेल तर मेसेज येतातच, सो ॲप्लिकेशन टीमला 'आता काही येणार नाही' असं सांगू नका. दोन्ही फुल रिपॉझिटरी एकाच रात्री एकदम बंद करू नका. काही अडलं की लगेच रिफ्रेश क्लस्टर (क्लस्टरची माहिती टाकून नव्याने मागवणं) मारायची सवय असेल तर ती सोडा, मोठ्या क्लस्टरमध्ये त्याने सगळीकडे ट्रॅफिक होतो. मेलेला सदस्य काढायचाच असेल तर रिसेट क्लस्टर, फोर्सरिमूव्ह, क्यूएमआयडी देऊन, फुल रिपॉझिटरीवरून, आणि क्यूएमआयडी दोनदा वाचून. बदल झाला की रिझ्यूम (सस्पेंड मागे घेणं), तीच कमांड परत दोन्ही फुल रिपॉझिटरींवर, आधीच्या फाइलशी डिफ, मग पाठवणाऱ्या क्यू मॅनेजरवर स्टेटस, एक टेस्ट मेसेज, चारही फाइली तिकिटाला जोडून तिकीट बंद.