बोअरचं पाणी आहे? मग सॉफ्टनर फक्त गरम पाण्याच्या लाईनला लावा

बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात गिझरची कॉईल लवकर जाते, शॉवरची भोकं बुजतात, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरतो, डाळ शिजायला वेळ लागतो, आणि मग कोणीतरी म्हणतं सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातला जडपणा काढून ते मऊ करणारं मशीन, बसवून टाका. की लगेच दुकानदार अख्ख्या घराला पुरेल असं मोठं मशीन गळ्यात मारतो. माझं म्हणणं सरळ आहे, स्वतःचं घर किंवा रो-हाउस असेल, गच्चीवर सोलर वॉटर हीटर आणि बाथरूममध्ये गिझर असेल तर फक्त गरम पाण्याच्या लाईनला मऊ पाणी द्या. फ्लशला, झाडांना, अंगण धुवायला मऊ पाणी लागत नाही, तिथे सॉफ्टनर धुवायला लागणारं मीठ विनाकारण वाया जातं.

खरा त्रास गरम पाण्यातच होतो याला कारण आहे. आपल्याकडच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात, पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे न विरघळणारा कार्बोनेट उरतो, तोच कॉईलवर आणि सोलरच्या नळ्यांमध्ये दगडासारखा बसतो. साठ डिग्रीच्या वर हे प्रमाण खूप वाढतं, त्यामुळे सॉफ्टनर असो वा नसो, गिझरचा थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा. सोलर तांब्याच्या नळ्यांचं असेल तर अजून जपायला पाहिजे, त्या बारीक नळ्या एकदा आतून बुजल्या की पाणी फिरतच नाही आणि कडक उन्हातही सोलर कोमट पाणी देतो.

पहिलं काम, हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा मोजा. टीडीएस मीटरने नाही हां, तो मीटर पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज देतो, त्यातला जडपणा किती ते त्याला कळत नाही. सॉफ्टनरमधून निघालेल्या पाण्याचा टीडीएस जवळपास तेवढाच राहतो कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, आणि मग लोकांना वाटतं मशीन चालतच नाही. हार्डनेसचं थेंबांचं किट मिळतं ते घ्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी, त्यात रंगाची पूड किंवा थेंब टाकले की पाणी लालसर जांभळं होतं, मग दुसऱ्या बाटलीतला एकेक थेंब टाकत हलवत राहायचं, आधी जांभळट निळं होतं आणि मग एका थेंबाला स्वच्छ निळं, तिथे थांबायचं आणि थेंब मोजून किटवरच्या आकड्याने गुणायचं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात २०० मिलीग्रॅम प्रति लिटरपर्यंतचा हार्डनेस चालतो, दुसरा पर्यायच नसेल तर ६०० पर्यंत. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा असं दोनदा मोजा, आणि टँकर बदलला की परत मोजा कारण त्याची विहीरच वेगळी असते.

आता साईज. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि सोडियम सोडतात, भरले की मीठपाण्याने धुवून परत कामाला लावायचे, १ लिटर रेझिन एका मिठाच्या धुण्यात साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरतं असं हिशोबाला घ्या. चार माणसांच्या घरात गरम लाईनला दिवसाला २०० लिटर पाणी आणि हार्डनेस ५०० असेल तर रोजचे १०० ग्रॅम झाले. २५ लिटर रेझिन घेतलं तर १२५० ग्रॅम, म्हणजे बारा दिवस चालेल. हाच हिशोब बाथरूमच्या नळाला लावायच्या छोट्या कार्ट्रिजला लावून बघा, त्यात लिटरभर रेझिन असलं तर १०० लिटरला संपलं, म्हणजे एका दिवसात दोघांची आंघोळ. चुंबकवाली नाहीतर वायर गुंडाळायची जी यंत्रं मिळतात ती लावून थेंबांची टेस्ट केली तर आकडा आधी होता तोच येतो. मी तरी त्यात पैसे घालणार नाही.

बसवायची जागा हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि इथेच प्लंबर गडबड करतात. सॉफ्टनर नेहमी थंड पाण्याच्या बाजूला, म्हणजे सोलर-गिझरच्या आधी. गिझरच्या नंतर लावून काही उपयोग नाही कारण थर गिझरमध्ये बसून मोकळा झालेला असतो, आणि वर गरम पाण्याने सॉफ्टनरची फायबरची टाकी, वॉल्व, रबरी रिंगा खराब होतात. मग म्हणाल गच्चीवरच्या टाकी आणि सोलरच्या मध्ये लावू, तर तेही जमत नाही. १० मीटर उंचीला १ किलो प्रेशर मिळतं, गच्चीवरची टाकी सोलरपेक्षा जेमतेम मीटर-दीड मीटर वर असते, तेवढ्या प्रेशरवर रेझिनच्या थरातून पाणी धड उतरत नाही आणि ऑटोमॅटिक वॉल्व तर मीठपाणी ओढतच नाही, त्याला दीड-दोन किलो प्रेशर लागतं.

म्हणून सॉफ्टनर खाली हौदाच्या मोटरजवळ ठेवा आणि गच्चीवर ५०० लिटरची वेगळी टाकी बसवा, फक्त मऊ पाण्याची, तिथूनच सोलर-गिझरला पाणी द्या. मोटरच्या पुढे टी मारायची, एक लाईन सरळ मोठ्या टाकीला, दुसरी आधी गाळ धरणाऱ्या फिल्टरमधून आणि मग सॉफ्टनरमधून मऊ पाण्याच्या टाकीला. दोन्ही लाईनला कॉक हवेत, कारण पाणी सोप्या वाटेने पळतं, मोठ्या टाकीचा कॉक अर्धा बंद केल्याशिवाय सॉफ्टनरकडे पुरेसं वळत नाही. पण पूर्ण बंद करू नका, मऊ पाण्याच्या टाकीचा फ्लोट बंद झाला की सगळं प्रेशर सॉफ्टनरवर येईल. प्रेशर गेज लावून घ्या आणि काटा ३ किलोच्या आसपास ठेवा. २५ लिटर रेझिनला तासाला १००० लिटरपेक्षा जास्त पाणी सोडू नका, घाईत गेलेलं पाणी अर्धवट मऊ होतं. बोअरची सबमर्सिबल मोटर थेट जोडू नका, वाळू आणि प्रेशर दोन्हीची भीती, पाणी आधी हौदात पडू द्या म्हणजे गाळ खाली बसतो.

सॉफ्टनरभोवती तीन कॉकचा बायपास, म्हणजे सॉफ्टनर टाळून जाणारी वाट, ठेवा आणि दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, लावा म्हणजे रिपेअरला पाईप कापावा लागत नाही. आऊटलेटला नमुना घ्यायला छोटा नळ काढून ठेवा, महिन्याची टेस्ट त्यामुळेच होते, नाहीतर कोणी करत नाही. उन्हात ठेवू नका, फायबरची टाकी उन्हाने ठिसूळ होते. आणि सगळं जोडण्याआधी जुना थर काढून घ्या, सॉफ्टनर जुना बसलेला दगड लगेच विरघळवत नाही. गिझरचा एमसीबी पाडून, पाणी काढून मगच कॉईल बाहेर काढायची, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवायची, संडास धुवायचं ॲसिड टाकीत ओतू देऊ नका, आतलं कोटिंग आणि तांबं खातं.

फ्लॅटमध्ये गिझरच्या इनलेटला लावत असाल तर नॉन रिटर्न वॉल्व लागतो, नाहीतर गरम पाणी उलटं सॉफ्टनरमध्ये येतं. पण मग तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायला जागा उरत नाही, सेफ्टी वॉल्वमधून थेंब पडायला लागतात. ते नॉर्मल आहे, तो वॉल्व कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, त्याला नळी लावून पाणी न्हाणीत सोडा.

आता देखभाल, म्हणजे मुख्य काम मिठाचं. आयोडीनवालं बारीक मीठ नको, खडेमीठ चालतं पण स्वच्छ बघून घ्या, नाहीतर सॉफ्टनरसाठीच्या मिठाच्या गोळ्या मिळतात त्या वापरा. हाताने फिरवायचा वॉल्व असेल तर २५ लिटर रेझिनला ३ किलो मीठ २७ लिटर पाण्यात रात्रीच विरघळवून ठेवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं म्हणजे माती खाली राहते. आधी बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेने खालून वर सोडायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, यात मणी सैल होतात आणि अडकलेला गाळ निघतो. मग मीठपाणी हळूहळू, निदान अर्धा तास. इथे घाई केली की मीठ नुसतं वाहून जातं आणि रेझिन अर्धवट धुतलं जातं, त्यामुळे पूर्ण प्रोसेसमध्ये वेळ द्यायचा असेल तर इथेच द्या. मग सावकाश साधं पाणी, शेवटी जोरात दहा मिनिटं, थेंबांची टेस्ट करायची, ठीक आली की लाईन चालू.

ऑटोमॅटिक असेल तर हे मशीन करतं, पण मिठाच्या टाकीत डोकवायचं काम तुमचंच. वरून मीठ भरलेलं दिसतं आणि खाली पोकळी असते, मिठाचा कडक पापुद्रा धरलेला असतो, पाणी मिठाला लागतच नाही. लाकडी दांड्याने हळू टोचून बघा, तळाला धक्का देऊ नका.

मीठपाणी झाडांच्या आळ्यात अजिबात सोडू नका, सरळ ड्रेनेजला. सोडियमने आपली काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. मऊ पाणीसुद्धा रोज झाडांना नको. प्यायला आणि स्वयंपाकालाही ते घेऊ नका, १०० हार्डनेस काढला की लिटरमागे ४६ मिलीग्रॅम सोडियम वाढतं, ५०० चा २३० झाला, घरात बीपीचं माणूस असेल तर हे लक्षात ठेवा.

मऊ पाण्याने अंग बुळबुळीत वाटतं, साबण गेलाच नाही असं वाटतं. साबण निम्मा करा, आठवड्यात सवय होते. गिझरमधला मॅग्नेशियमचा रॉड मात्र वर्षातून एकदा उघडून बघाच, मऊ पाण्यात तो लवकर झिजतो, आणि तो संपला की टाकी गंजायला लागते.

मीठ नीट देऊनही दोन-चार दिवसांत मऊ पाण्याच्या हार्डनेसचा आकडा वर जायला लागला तर आधी फिल्टर आणि मीठ ओढणारी नळी तपासा. मग थोडं रेझिन काढून बघा, तांबूस काळपट झालं असेल तर बोअरच्या पाण्यातलं लोह चढलंय, त्यासाठी रेझिन साफ करायची वेगळी पावडर मिळते आणि सॉफ्टनरच्या आधी लोहाचा फिल्टरही लावावा लागतो. पण मणी बोटांत दाबल्यावर फुटत असतील किंवा गिचका होत असेल तर क्लोरीनने गेलेत, फक्त रेझिन बदलून घ्या, टाकी आणि वॉल्व ठीक असतील तर नवीन मशीन घ्यायची गरज नाही.