रेसिडेन्सीत सिगरेट सोडायची असेल तर

‘एमडीची परीक्षा होऊ दे, मग सोडतो’ हे वाक्य आमच्याकडे दरवर्षी नव्या तोंडून येतं. पुढचं मला पाठ आहे : मग बॉण्डची सरकारी नोकरी, मग सुपर-स्पेशालिटीची तयारी, मग लग्न, मग दवाखान्याचं कर्ज. निमित्तं शोधण्यात आपल्या पेशाचा हात कुणी धरणार नाही. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात छातीविकार शिकवते. सकाळी ओपीडीत विडीवाले म्हातारे धापा टाकत येतात, दुपारी गर्दी ओसरली की आपलेच रेसिडेंट (एमडी-एमएस करणारे निवासी डॉक्टर) ‘मॅडम, जरा बोलायचं होतं’ म्हणत दारात घुटमळतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिलंय. फुप्फुसांचं काय होतं हा भाग गाळलाय, तो तुम्ही स्वतःच अंडरग्रॅज्युएट्सना शिकवता.

कशासाठी ओढता, ते आधी बघा

कॅज्युअल्टीत सकाळपासून उभा असलेला जेआर-वन (पहिल्या वर्षाचा रेसिडेंट) ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणाला, तर चीफ, म्हणजे सगळ्यात सिनिअर रेसिडेंट, विचारतो, ‘कशाला?’ तोच ‘सुट्टा मारून येतो’ म्हणाला, तर चीफ म्हणतो, ‘थांब, मीपण येतो.’ रेसिडेन्सीतल्या सिगरेटचं निम्मं कारण या दोन वाक्यांत आहे. न ओढणाऱ्याला सुट्टी नाही. शिवाय गेटसमोरच्या टपरीवर चीफ आणि जेआर-वन एका बाकड्यावर बसतात. ड्युट्यांची अदलाबदल तिथं होते, थिसिसवर सही कधी मागायची ते तिथं कळतं, सरांचा मूड कसा आहे तेही. एमबीबीएसभर सिगरेटला हात न लावलेली पोरं पहिल्या वर्षात तिथं ओढायला लागतात, ती काही निकोटिनच्या ओढीनं नाही.

म्हणून स्वतःला दोन गोष्टी विचारा. झोपेतून उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात लागते? आणि दिवसाला किती होतात? यासाठी ड्युटीचा दिवस धरू नका, त्यात उठणं-झोपणं असं काही नसतंच. सुट्टीतला, घरचा दिवस धरा. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर नुसत्या निर्धारावर भागणार नाही, औषध लागेल. घरी चार दिवस एकही न ओढता मजेत राहत असाल, तर तुम्हाला हवी आहे ती दहा मिनिटांची सुटका. बहुतेकजण मधे कुठंतरी असतात आणि त्यांना दोन्ही लागतं.

दिवस ठरवताना

इमर्जन्सीच्या दिवशी, म्हणजे तातडीचे पेशंट घ्यायची पाळी तुमच्या युनिटची असते त्या दिवशी, सोडायला जाऊ नका. निकोटिन थांबल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोपेचं खोबरं होतं. मग दोन ते चार आठवड्यांत ते हळूहळू ओसरतं. तेव्हा ज्या तीन दिवसांत तुमच्या युनिटची इमर्जन्सी नाही ते शोधा, लागलं तर ड्युटी बदलून घ्या, आणि बदलून देणाऱ्याला कारण खरं सांगा. गुपचूप सोडणारा गुपचूप पुन्हा धरतो.

आदल्या रात्री खोली साफ करा. पाकीट टाकलं म्हणजे झालं असं नाही. ॲप्रनच्या वरच्या खिशात पेन-टॉर्चशेजारी एक सुटी सिगरेट सापडतेच. लायटर, खिडकीतली काडेपेटी, सलाईनची बाटली कापून केलेला तो ॲशट्रे, सगळं बाहेर. ॲप्रन धुवायला टाका. टपरीवाल्याची उधारी चुकती करा आणि त्याला तोंडावर सांगा, ‘भाऊ, मला देऊ नको.’ खरं तर शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला 2003च्या कायद्यानं बंदी आहे, आणि सुट्या सिगरेटी विकायला राज्यात 2020पासून. पण ते शंभर यार्ड मोजायला अजून कुणी टेप घेऊन आलेलं नाही.

च्युइंगम, पॅच आणि गोळ्या

निकोटिनचं च्युइंगम ‘काही उपयोगाचं नाही मॅडम’ म्हणणाऱ्या दहातल्या नऊजणांनी ते बबलगमसारखं चघळलेलं असतं. मग उचक्या लागतात, मळमळतं, आणि निकोटिन पोटात जाऊन वाया जातं. पद्धत अशी : सावकाश चावायचं, तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि तंबाखूची गोळी धरतात तसं ते गाल आणि हिरडीच्या मधे धरून ठेवायचं. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चारदा चावायचं, बाजू बदलून धरायचं. एक गम साधारण अर्धा तास चालतो. पंधरा मिनिटं आधीपासून आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नाही, कारण आम्लामुळं निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. सुरुवातीचे सहा आठवडे तलफ यायची वाट न बघता दर एक-दोन तासांनी घ्या. 2 मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, 4चा चिठ्ठीवर. उठल्यापासून अर्ध्या तासात ओढणाऱ्याला 4चा लागतो. ती चिठ्ठी स्वतःची स्वतः लिहू नका. पेशंटला आपण जे करू देत नाही ते स्वतःलाही नको, शिवाय पुन्हा कधी यायचं हे विचारणारं कुणीतरी असायला हवं.

सर्जरी, ऑर्थो, गायनॅकवाल्यांना मी निकोटिनचा पॅच सुचवते. सहा तासांच्या ऑपरेशनमध्ये मास्कखाली चावत उभं राहिलेलं कुठल्या सरांना चालणार? पॅच सकाळी, केस नसलेल्या कोरड्या त्वचेवर, रोज जागा बदलून. विचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून टाका. पॅचवर असताना मधेच तलफ आली तर जोडीला गम चालतो, दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात.

व्हॅरेनिक्लिन (तलफ कमी करणारी गोळी) सोडायच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करायचं आणि बारा आठवडे घ्यायचं. मळमळ हा त्याचा मुख्य त्रास, त्यामुळं भरल्या पोटी आणि भरपूर पाण्यासोबतच. पण रेसिडेंटचं पोट भरलेलं कधी असतं, म्हणून आधी जेवणाची वेळ ठरवायला लावते, मग गोळी. ब्युप्रोपिऑन ही दुसरी गोळी मी रेसिडेंट्सना सहसा देत नाही. त्यानं झोप कमी होते, फिट्सचा धोका असतो, आणि झोप न मिळणं हे स्वतःच फिट्सना आमंत्रण आहे.

दुबईहून मावसभावानं आणलेलं व्हेप हा उपाय नाही. ई-सिगरेटवर आपल्याकडे 2019पासून कायद्यानं बंदी आहे. डॉक्टरनं त्यात सापडायचं काही कारण नाही.

चहा अर्धा करा

हे कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहिते. सिगरेटच्या धुरातली हायड्रोकार्बन्स यकृतातलं सीवायपी-1ए2 हे एन्झाइम वाढवतात आणि कॅफिन त्यानंच मोडतं. धूर थांबला की आठवडाभरात ते एन्झाइम खाली येतं, आणि तेवढ्याच चहा-कॉफीत रक्तातलं कॅफिन जवळजवळ दुप्पट होतं. निकोटिनचा इथं संबंध नाही, त्यामुळं पॅच लावून हे टळत नाही. मग हात थरथरतात, छाती धडधडते, झोप येत नाही, आणि पोरगं म्हणतं, ‘सिगरेट सोडल्यामुळं होतंय, पुन्हा सुरू करतो.’ ते त्या दिवशीचे आठ कटिंग असतात. (हेच थिओफिलिन या दम्याच्या औषधाचं. वॉर्डात ॲडमिट झालेल्या विडीवाल्याची विडी सुटली की त्याचा डोस पुन्हा बघायचा, हे आमच्या रेसिडेंट्सना राऊंडला पाठ करून घेते.)

दहा मिनिटं मागून घ्या

औषध निकोटिनचं बघेल, सुट्टीचं तुम्हाला बघावं लागेल. चीफला सरळ सांगा, ‘सिगरेट सोडतोय, पण दर चार तासांनी दहा मिनिटं खाली जाणार.’ आजवर ती दहा मिनिटं मिळतच होती, हिशेबात नवीन काही नाही. फक्त टपरीवर जाऊ नका. कॅन्टीन, गच्ची, लायब्ररीचा जिना, कुठंही जा, तोंड धुवा, घरी फोन करा. एका तलफेचा जोर काही मिनिटांचाच असतो. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) लावून रिपोर्ट हातात येऊन तो वाचेपर्यंत ती उतरणीला लागलेली असते.

अवघड वेळ वेगळीच. तासभर सीपीआर देऊनही पेशंट गेला. नातेवाइकांना सांगितलं, आईनं टाहो फोडला, कुणीतरी कॉलर धरायला आलं, वॉर्डातल्या ब्रदरनं (पुरुष नर्सनं) मधे पडून सोडवलं. सर्टिफिकेट भरून बाहेर आलात, आणि सिनिअर काही न बोलता पाकीट पुढं करतो. त्याच्या मनात वाईट काही नसतं. सांत्वन करायची आपल्याकडे तेवढीच रीत उरली आहे. सोडलेल्यांपैकी कितीतरीजण याच क्षणी पुन्हा धरतात. म्हणून अशा रात्री कुणाला फोन करायचा ते नाव आधी ठरवून ठेवा, आणि त्या माणसालाही सांगून ठेवा की पहाटे चारलाही येईल. ‘आत्ता नको, पण पाच मिनिटं बस माझ्यासोबत’ एवढं सिनिअरला म्हणता आलं तर उत्तम. तो बसतो. त्यालाही बसायचंच असतं.

आणि त्या रात्री ओढलीच, तर एक ओढली. पॅच काढू नका, गम बंद करू नका, ‘गेलं सगळं’ म्हणून नवीन पाकीट घेऊ नका. दुसऱ्या दिवशी ज्यानं चिठ्ठी लिहिली त्याला सांगा. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्याचं नंतर बघू.

पेशंट बघत असतो

तुम्हाला वाटतं कुणाला कळत नाही. खालच्या पापण्या ओढून बघताना तुमची बोटं पेशंटच्या नाकापासून दोन इंचांवर असतात. रात्री टपरीवर ज्यानं तुमच्याकडं माचिस मागितली, तोच सकाळी नऊ नंबरच्या बेडशेजारी उभा असतो, आणि तुम्ही त्याच्या वडिलांना विडी बंद करायला सांगता. तो समोर काही बोलत नाही. तुम्ही पुढच्या बेडकडं वळलात की वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) म्हणतात, ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान.’

पण सगळे पेशंट नावं ठेवत नाहीत, आणि मला काळजी आहे ती नावं न ठेवणाऱ्यांची. ‘डॉक्टरसाहेबपण ओढतात म्हणजे एवढं काही नसणार,’ असं म्हणत दुसरी विडी पेटवणारे ओपीडीत भेटतात. त्याहून नुकसान होतं ते न विचारलेल्या प्रश्नाचं. स्वतः ओढणारा रेसिडेंट व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळा होतो, कारण विचारताना त्यालाच कसंतरी होतं. विचारा. आणि ‘विडी-सिगरेट ओढता का?’ एवढ्यावर थांबू नका. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे 3.8 टक्के होते आणि खाणारे-लावणारे 24.4 टक्के. ‘काकू, मिश्री लावता का?’ विचारल्याशिवाय काकू आपणहून सांगणार नाहीत.

पेशंटनं उलट विचारलं, ‘तुम्हीपण ओढता ना?’ तर खोटं बोलू नका. ‘ओढत होतो, सोडतोय. गम चालू आहे, हे बघा,’ असं म्हणून खिशातली पट्टी दाखवणाऱ्या रेसिडेंटचं विडीवाले म्हातारे माझ्यापेक्षा जास्त ऐकतात, हे मी स्वतः बघितलंय.

सोडून काय मिळतं याचे सगळ्यात भरवशाचे आकडे तर डॉक्टरांच्याच जिवावर मिळालेत. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या, आणि पुढं पन्नास वर्षं त्यांची नोंद ठेवली गेली. सिगरेट ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडलेल्यांना ती जवळजवळ सगळी परत मिळाली, पन्नाशीत सोडलेल्यांना सहाच्या आसपास. डॉलनं स्वतः त्याआधीच, फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या आधीच्या अभ्यासाचं काम करताना, सिगरेट सोडली होती. तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीसचे आहात.

सिनिअर, सर आणि वॉर्डनसाठी

मुलगा ओढताना दिसला तर ‘टेन्शन असतं बिचाऱ्याला’. मुलगी दिसली तर वॉर्डनकडं चिठ्ठी, घरी फोन, आणि चालचलनावर चर्चा. फुप्फुसं दोघांची सारखीच. या भेदाचा परिणाम एवढाच होतो की मुली हॉस्टेलच्या बाथरूममध्ये दार लावून ओढतात आणि मदत मागायला शेवटी येतात. आल्या तर आधी गमचा डोस सांगा. बाकीचं विचारायचं तुम्हाला काही कारण नाही.

राऊंडला पेशंटसमोर कुणाला त्यावरून बोलू नका. हॉस्पिटलच्या आवारात सिगरेटला दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे, तो जरूर करा, पण नुसत्या दंडानं धूर पोर्चमधून उठून मागच्या जिन्यात जातो, आणि काही ठिकाणी तिथं ऑक्सिजनचे सिलेंडर ठेवलेले असतात. दंडाच्या पावतीसोबत 1800-11-2356 हा नंबर द्या. सिगरेटच्या पाकिटावर छापलेली हीच ती मोफत हेल्पलाइन. जेआर-वनला सिगरेट आणायला पाठवणं बंद करा. सोडणाऱ्यावर ‘बघू किती दिवस टिकतो’ अशी पैज लावू नका.

आणि चीफ झालात की ड्युटी लिस्ट तुमच्या हातात येते. तीत प्रत्येक जेआर-वनच्या नावापुढं त्याच्या सुट्टीची दहा मिनिटं वेळेसकट लिहा, आणि त्या वेळात त्याचे कॉल कोण घेणार तेही.