वासोट्याचा जंगल ट्रेक: परतीच्या बोटीपासून उलटं मोजत दिवस कसा आखावा

साताऱ्याजवळच्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर चढाईचा विचार नंतर, आधी परतीची बोट. इतर किल्ल्यांवर उशीर झाला तर टॉर्च काढून उतरता येतं, पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात पडता येतं. इथे पायथ्याला गावच उरलेलं नाही. पूर्वेला कोयनेचा शिवसागर जलाशय, पश्चिमेला कोकणात कोसळणारे कडे आणि मधे कोयना अभयारण्याचं दाट रान. हे अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गडावर मुक्कामाला बंदी आहे आणि दिवस मावळण्याआधी जंगलाबाहेर पडावंच लागतं.

म्हणून घड्याळ उलटं फिरवा. अंधार पडायच्या आत बामणोलीच्या, म्हणजे जिथून बोटी सुटतात त्या गावाच्या धक्क्याला लागायचं, तर पायथ्याहून बोट दुपारी ४ ला सुटली पाहिजे, कारण पाण्यावर साधारण दीड तास जातो. ४ ला बोटीत बसायचं तर गडमाथा २ ला सोडायचा. माथ्यावर किमान तास-दीड तास हवा, म्हणजे साडेबाराला वर पोचायला हवं. चढायला दोन-अडीच तास धरा. याचा अर्थ १० वाजता पायथ्याला पाय लागले पाहिजेत आणि सकाळची बोट साडेआठच्या आत निघाली पाहिजे. परवानगीच्या कागदांना वेळ लागतो, तेव्हा बामणोलीत साडेसातला हजर.

पुण्याहून हे जमवायचं तर पहाटे साडेतीनला निघावं लागतं, आणि रात्रभर न झोपलेला ड्रायव्हर कासच्या वळणांवर मला पटत नाही. आदल्या संध्याकाळी साताऱ्याहून कासमार्गे बामणोली गाठा. साताऱ्यापासून अंतर ३५ ते ४० किलोमीटरच आहे. गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते. आदल्या रात्रीच बोटीची चौकशी करून ठेवा. भाडं माणसामागे नसून बोटीमागे असतं, त्यामुळे तुम्ही तिघे-चौघेच असाल तर दुसऱ्या एखाद्या ग्रुपशी बोलून घ्या. वनखात्याच्या परवानगीसाठी सगळ्यांची नावं, वयं आणि ओळखपत्रांच्या प्रती एकाच्याच हातात असू द्या. सकाळी सात जणांचे सात मोबाइल उघडत बसलात की अर्धा तास तिथेच गेला.

कधी जायचं? पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, पाऊस सरल्यावर उघडतं. नेमकी तारीख दरवर्षी विचारूनच निघा. माझ्या मते नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. तेव्हा ओढ्यांना पाणी असतं आणि हवेला धार. मार्चनंतर झाडीतही घामाच्या धारा लागतात.

सामानात नेहमीचंच, पण चार गोष्टींवर तडजोड नको. माणशी अडीच-तीन लिटर पाणी. गडावर टाकी आहेत, पण तिथल्या पाण्याच्या भरवशावर चढू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट, मळकट हिरव्या किंवा तपकिरी रंगाचे. चांगली पकड असलेले बूट, कारण सावलीतल्या दगडांवरचं शेवाळं उशिरापर्यंत सुकत नाही. आणि मीठाची पुडी.

मीठ जळवांसाठी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओली पानं तुडवत जाताना त्या बुटावर चढतात, मोज्यात शिरतात, आणि कळतं ते मोजा लाल झाल्यावर. ओढून काढू नका. नख तिच्या तोंडाशी सरकवत नेऊन सोडवा किंवा मीठ टाका. जळू रक्त गोठू देत नाही, म्हणून ती निघाल्यावरही बराच वेळ वाहतं. जखम धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा. दुखत नाही, घाबरण्यासारखंही काही नाही.

बोट मेट इंदवलीच्या काठाला लागते. इथे पूर्वी गाव होतं. आता वनखात्याची चौकी आहे. तिथे तुमच्याकडच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजून नोंदवली जातात, अनामत ठेवावी लागते. फराळ घरूनच डब्यात भरून आणला असेल तर हे दोन मिनिटांत उरकतं. मोजणीचा कंटाळा करू नका. या रानात पायवाटेवर कचरा दिसत नाही, त्याचं कारण ही मोजणीच आहे.

चौकीनंतर थोड्याच अंतरावर ओढा आणि जवळ मारुती-गणपतीच्या मूर्ती. इथे पाणी प्या, बुटांच्या नाड्या आवळा, ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा गडी पुढे घ्या. मागे ठेवलात तर तो एकटा पडतो, आणि दाट झाडीत पन्नास पावलांवरचा माणूस दिसत नाही. पुढचा बराचसा चढ छताखालून चालल्यासारखा आहे. जांभूळ, हिरडा, अंजन आणि त्यांना लटकलेल्या जाडजूड वेली. ऊन कवडशांपुरतंच. वर पानांत खळबळ झाली तर थांबून मान वर करा, शेकरू असतो.

आता आवाजाबद्दल. स्पीकर लावून चालणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. व्याघ्र प्रकल्पात ते चालत नाही आणि चालू नये. पण अगदी मुकाट्यानंही चालू नका. इथे अस्वलं आहेत. अस्वलाची नजर अधू असते, आणि अचानक समोर आलेल्या माणसावर ते घाबरून धावतं. दाट वळणावर आपसांत साध्या आवाजात बोलत राहिलं की त्याला आधी सुगावा लागतो आणि ते बाजूला होतं. गवा दिसला तर जागीच थांबा. फोटोसाठी पुढे जाऊ नका, त्याची निघून जायची वाट मोकळी सोडा आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरा.

वर एका ठिकाणी नागेश्वरची वाट फुटते. कड्याच्या पोटातल्या गुहेत महादेव आहे, महाशिवरात्रीला कोकणातल्या चोरवणे गावाकडून भाविक तिथे चढून येतात. एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करायचा मोह होतो. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही तो केला. उतरताना ओढ्याशीच अंधारून आलं, काठावर बोटवाले मामा बॅटरी हलवत उभे होते, आणि वाऱ्यानं पाणी इतकं उसळत होतं की बामणोली येईपर्यंत कुणी बोललं नाही. पहिल्यांदा जाताय तर फक्त वासोटा करा.

झाडी संपली की कारवी आणि गवत, मग पायऱ्या, पडके दरवाजे. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा. हा गड शिवरायांनी १६६० मध्ये घेतला आणि त्याला व्याघ्रगड नाव दिलं. पुढे तो कैदखाना म्हणूनही वापरला गेला. इथवरची वाट चालून आल्यावर त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण बाबूकडा पाहा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा प्रचंड कडा, समोर जुना वासोटा नावाचा शेजारचा डोंगर, खाली सरळ कोकण. १८१८ मध्ये इंग्रजांनी याच जुन्या वासोट्यावरून गडावर तोफा डागल्या होत्या.

कड्याच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. तिथे विडी-सिगारेट, अत्तर, डिओ, आरडाओरडा काही नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभे राहू नका. तोंड-डोकं कापडानं झाकून कड्यापासून दूर, झाडीच्या दिशेनं पळा.

२ वाजले की निघा, डबा अर्धा उरला असला तरी. उतरताना गुडघे बोलतात, पाचोळा घसरतो, म्हणून काठी आता कामाला येते. ओढ्याशी पोचल्यावर माणसं मोजा, चौकीवर बाटल्या दाखवून अनामत परत घ्या. बोटीत चढण्याआधी काठावरच बूट-मोजे काढून झटका. जळवा रानात राहू द्या.